लान्यू बेटावरचा होमस्टे आणि गावफेरी: नियम पाळायची तयारी असेल तरच जा

आम्ही एप्रिलच्या शेवटी तैवानच्या लान्यू बेटावर जाऊन आलो, मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. इरारालेय गावात एका ताओ (या बेटावरचे मूळ आदिवासी) कुटुंबाच्या होमस्टेमध्ये दोन रात्री राहायचं ठरवलेलं, तीन राहावं लागलं, ते पुढे सांगते. त्यांच्याच घरच्यांनी घडवलेली गावफेरी पण घेतली. नाव मुद्दाम देत नाही कारण खोल्या तीनच आहेत आणि जास्त लोक त्यांना नकोच आहेत, पण बेटावर असे घरगुती होमस्टे बरेच आहेत आणि काय बघून निवडायचं ते कळावं म्हणून सविस्तर लिहितेय. माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा का कापला तेही सांगते.

आधी बेटाबद्दल थोडं, कारण ते माहीत नसेल तर बाकी रिव्ह्यू डोक्यावरून जाईल. लान्यू म्हणजे तैवानच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या ताइतुंग शहराच्या आग्नेयेला समुद्रात असलेलं जेमतेम ४५ चौरस किलोमीटरचं ज्वालामुखीतून तयार झालेलं बेट. काळा खडक, मधोमध ५५२ मीटरचा हाँगतौ डोंगर, त्यावर घनदाट हिरवं रान, आणि किनाऱ्याला चिकटून सहा गावं. चिनी भाषेतलं नाव इथल्या ऑर्किडच्या फुलांवरून १९४७ मध्ये दिलेलं, पण तिथली माणसं बेटाला पोंग्सो नो ताओ म्हणतात, म्हणजे माणसांचं बेट, कारण त्यांच्या भाषेत ताओ म्हणजे माणूस. भाषा पण तैवानमधल्या इतर आदिवासींपेक्षा दक्षिणेला फिलिपिन्सच्या बातानेस बेटांवरच्या भाषेला जवळची आहे. तैवानवर जपानचं राज्य होतं तेव्हा हे बेट अभ्यासासाठी म्हणून बाहेरच्यांना बंद ठेवलं होतं, पर्यटकांना खुलं झालं १९६७ मध्ये.

जायचं कसं: आम्ही ट्रेनने ताइतुंग, तिथून फुगांग बंदर आणि मग फेरी, दोन-अडीच तास. दुसरी फेरी तैवानच्या दक्षिण टोकाकडच्या हौबीहू बंदरातून पण सुटते. ताइतुंगहून १९ सीटचं छोटं विमान आहे, २५ मिनिटांत पोचवतं, पण तिकीट मिळणं नशिबाची गोष्ट, आम्हाला मिळालं नाही. फेरीत उलटीची गोळी अर्धा तास आधी घ्याच, कुरोशिओ नावाचा मोठा गरम समुद्री प्रवाह इथूनच जातो आणि बोट कशी हलते ते बसल्यावरच कळतं. लेकीला खूप त्रास झाला, पोटात काही राहिलं नाही बिचारीच्या. पण हाच प्रवाह दर वर्षी उडणारे मासे घेऊन येतो आणि या बेटाचं सगळं वर्ष त्या माशाभोवती फिरतं, त्यामुळे त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

आता होमस्टे. बुकिंग करतानाच होमस्टे चालवणाऱ्या ताईंनी लाइन या मेसेजिंग अॅपवर भलामोठा मेसेज पाठवला, खोलीचे फोटो नंतर, आधी नियम. तुम्ही रायोनमध्ये येताय, म्हणजे उडणाऱ्या माशांच्या हंगामात (साधारण फेब्रुवारी-मार्च ते जून-जुलै), तर किनाऱ्यावरच्या होड्यांना हात लावायचा नाही, आत बसून फोटो तर अजिबात नाही, समुद्रात दगड फेकायचे नाहीत, वाळत घातलेल्या माशांना शिवायचं नाही, बोट दाखवायचं नाही, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, होड्या समुद्रात जात असतील तेव्हा बायकांनी खाली किनाऱ्यावर यायचं नाही, आणि हे पटत नसेल तर कृपया दुसरीकडे बुक करा, आमची तक्रार नाही. मी नवऱ्याला म्हटलं हेच बुक करायचं. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला पहिल्याच मेसेजमध्ये नाही म्हणणारी माणसं मला फार आवडतात, तिथे मग जे 'हो' असतं ते खरं असतं.

खोली साधी. गाद्या जमिनीवर, पंखा, एसी, स्वच्छ बाथरूम, खिडकीतून समुद्र. तिघांचे रात्रीचे २,२०० तैवानी डॉलर, त्यात सकाळचा नाश्ता. गावफेरी माणशी ३५०, लेकीचे घेतले नाहीत.

गावफेरी हा या सगळ्याचा गाभा आहे, त्यासाठीच जा. फिरवायला ताईंचे वडील म्हणजेच आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे, अनवाणी, आणि चालायला आमच्यापेक्षा चपळ. ते ताओ भाषेत बोलत होते आणि ताई चिनीत सांगत होत्या, म्हणून दोन तासांची फेरी साडेतीन तास चालली आणि कोणालाच घाई नव्हती. इरारालेयमध्ये जुनी जमिनीखालची घरं अजून टिकून आहेत (दुसरं असं गाव इवालिनो). तुम्ही रस्त्यावरून चालताय आणि घर दिसतच नाही, दिसतं फक्त छप्पर, तेही तुमच्या पायांच्या पातळीला. जमीन खोल खणायची, चारी बाजूंनी दगड रचायचे, पाणी वाहून जायला दगडांतून वाट ठेवायची आणि त्या खड्ड्यात लाकडी घर बसवायचं, म्हणजे वादळ डोक्यावरून निघून जातं. शेजारी थोडं उंच कामाचं घर, आणि त्याच्या बाजूला खांबांवर उभा उघडा माच, ज्यावर उन्हाळ्यात बसून अख्खा समुद्र दिसतो. आम्ही त्या माचावर बसलो तर वारा असा येत होता की लेक पाच मिनिटांत झोपली.

या बेटावर वादळ म्हणजे काय हे एका आकड्यावरून सांगते. ऑक्टोबर २०२३ मध्ये कोइनू वादळात लान्यूच्या हवामान केंद्रावर ताशी ३४२ किलोमीटरचा झोत मोजला गेला, तैवानमध्ये तोवर एवढा वारा कधी नोंदलाच गेला नव्हता. आणि अशा ठिकाणी १९६६ पासून सरकारने जुनी घरं मागासलेली म्हणून पाडून वर काँक्रीटच्या खोल्या बांधून दिल्या. आजोबांनी ते सांगितलं तेव्हा आवाज चढला नाही त्यांचा, फक्त हाताने दाखवलं की इथे माझ्या बापाचं घर होतं. त्या काँक्रीटमध्ये समुद्राची वाळू घातलेली, काही वर्षांत सळया गंजल्या आणि भिंती फुगून पडायला लागल्या. ज्या लोकांना वाऱ्यात घर कसं बांधायचं हे पिढ्यानपिढ्या माहीत होतं त्यांनाच घर कसं असावं ते शिकवलं गेलं. मला तिथे उभं राहून फार वाईट वाटलं आणि रागही आला, आत्ता लिहिताना परत येतोय.

मग होड्या. एक ते तीन माणसांच्या होडीला ताताला म्हणतात, दहा माणसांची मोठी तिचं नाव चिनेदकेरान. फोटोत तुम्ही बघितली असेल, दोन्ही टोकं उंच उचललेली, लाल-पांढऱ्या-काळ्या नक्षीची. लाल मातीचा, पांढरा शिंपल्यांच्या चुन्याचा, काळा काजळीचा. पुढच्या आणि मागच्या टोकाला सूर्यासारखी गोल नक्षी असते, तो होडीचा डोळा. एका झाडाचं खोड कोरून ही होडी होत नाही, वेगवेगळ्या झाडांच्या फळ्या जोडून होते, खाली कठीण लाकूड, वर हलकं, एकही लोखंडी खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. कुठलं झाड होडीला लागणार हे आधीच ठरलेलं असतं, रानात झाडावर घराण्याची खूण असते आणि आजोबाने राखलेलं झाड नातू तोडतो. हे सगळं मी वीस फुटांवरून ऐकलं बरं का. नवरा आजोबांबरोबर होड्यांपर्यंत खाली गेला, मी आणि ताई वर बांधावर उभ्या.

यावर स्पष्ट लिहिते कारण बाकी बायका वाचत असतील तर त्यांना प्रश्न पडणारच. मला खटकलं. एवढ्या लांबून यायचं आणि लेकीला घेऊन लांब उभं राहायचं, लेकीने पण विचारलं की बाबा का आणि आपण का नाही. ताईंना मी सरळ विचारलं की तुम्हाला काय वाटतं. त्या म्हणाल्या, त्याची होडी त्याची आहे, माझं खाचर माझं आहे, माझ्या खाचरात तो मला विचारल्याशिवाय पाय घालत नाही. हे उत्तर मला पूर्ण पटलंय असं नाही, पण त्यांनी ते अशा हक्काने दिलं की पुढे वाद घालावासा वाटला नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला आणि लेकीला त्यांच्या खाचरात घेऊन गेल्या, जे गावफेरीच्या यादीत नव्हतंच.

आणि खाचर कसलं, तर अळूचं! डोंगरातून आलेलं पाणी पाटाने फिरवलेलं, पाण्यात उभं अळू, भाताच्या खाचरासारखे बांध. आपण अळू म्हटलं की पान, फतफतं नाहीतर वड्या, इथे मुख्य जेवण म्हणजे खालचा कंद, आपल्या अळकुड्यांपेक्षा खूप मोठा. ही शेती पूर्णपणे बायकांची. लावायचं, तण काढायचं, काढायचं सगळं त्याच करतात. एक कंद उपटला की वरचा देठ तिथेच परत खोचायचा, म्हणजे खाचर कधी रिकामं राहत नाही. लेक गुडघाभर चिखलात उतरली, तिला कोणी अडवलं नाही आणि पूर्ण ट्रिपमध्ये ती सगळ्यात खूश तिथे होती. नवी होडी किंवा नवं घर झालं की पूर्ण अळूच्या कंदांनी झाकून टाकतात आणि मग ते पाहुण्यांना वाटतात. म्हणजे होडी पुरुषाची असली तरी घरच्या बाईने दोन-तीन वर्षं आधीपासून अळू लावून ठेवलं नसेल तर तिचा सोहळाच होत नाही. हे मला त्या बांधावर उभं असताना माहीत असतं तर बरं झालं असतं.

जेवणाबद्दल. रात्रीचं जेवण आधी सांगितलं तर मिळतं, माणशी ३००. उकडलेलं अळू, रताळं, भात, रानातली नेच्याची कोवळी भाजी आणि उडणारा मासा, वाळवलेला, पाण्यात नुसता उकळून. मसाला शून्य, मीठ माशातलंच. पहिला घास घेतल्यावर नवऱ्याचं तोंड पडलं, पण रस्सा प्यायल्यावर आम्ही दोघांनी परत मागितला, सुकवलेल्या माशाचा धुरकट खारट वास आणि वर अळूचा गुळगुळीतपणा, हे दोन्ही एकत्रच खायचं असतं. शुद्ध शाकाहारी असाल तर अळू, रताळं आणि भाजीवर दोन दिवस सहज निघतात, फक्त भांडी वेगळी मिळतील का ते आधी विचारा.

भांड्यांवरून आठवलं, त्यांच्याकडे उडणाऱ्या माशाची भांडी खरंच वेगळी असतात, दुसरा कुठला मासा त्यात शिजत नाही. गोष्ट अशी आहे की फार पूर्वी लोकांनी हा मासा शिंपल्या-खेकड्यांबरोबर एकाच भांड्यात शिजवला आणि सगळे आजारी पडले, अंगावर फोड आले. मग काळ्या पंखांच्या उडणाऱ्या माशाने म्हाताऱ्याच्या स्वप्नात येऊन सगळे नियम सांगितले, आम्हाला कधी बोलवायचं, कसं पकडायचं, कसं शिजवायचं. ही गोष्ट आजोबांनी जेवताना सांगितली आणि सांगताना हातातला मासा खाली ठेवला, मग सांगितली. हंगामाच्या सुरुवातीला गावातले पुरुष किनाऱ्यावर जमून माशांना हाक मारतात, त्यानंतर रात्री मशाली घेऊन मोठ्या होड्या. आम्ही गेलो तेव्हाचा काळ छोट्या होड्यांचा, दिवसा एकटा माणूस होडी घेऊन जातो आणि उडणारा मासा आमिष लावून अरायो नावाचा मोठा मासा धरतो. मुख्य हंगामात किनाऱ्याजवळच्या प्रवाळातले मासे धरायचे नाहीत, म्हणजे त्यांना वाढायला वेळ मिळतो. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी होड्या ओढून ठेवतात त्याची आठवण झाली, कोणी कायदा करायच्या आधीपासून समुद्राला सुट्टी द्यायची हे मासेमारी करणाऱ्यांना कळलेलं असतं. माशांमध्ये पण बायकांचे मासे, पुरुषांचे मासे आणि म्हाताऱ्यांचे मासे अशी वाटणी आहे, सगळ्यात चांगल्या चवीचे बायकांच्या वाट्याला आणि त्यातही गरोदर बाई आणि बाळंतिणीची काळजी आधी, म्हातारे उरलेले उग्र मासे खातात. हे ऐकून माझं मत बरंच मऊ झालं, खरं सांगते.

अजून एक मजेची गोष्ट, नावं. पहिलं मूल झालं की आईबापांचं नाव बदलतं, बाप होतो सियामान अमुक आणि आई सिनान अमुक, म्हणजे अमुकचा बाबा, अमुकची आई, आणि नातवंड झालं की आजी-आजोबा सियापेन तमुक. आपल्याकडे चाळीत पण कोणाचं खरं नाव कोणाला माहीत नसायचं, बंड्याची आई आणि पिंकीचे बाबा, पण इथे ते खरंच नाव होतं. आजोबांनी तिथल्या तिथे आमची पण नावं बदलली आणि तीन दिवस त्याच नावाने हाक मारली.

बेट फिरायला स्कूटर, दिवसाला ५०० च्या आसपास. बेटाभोवतीचा रस्ता ४० किलोमीटरच्या आत संपतो, पण पूर्ण दिवस ठेवा. रस्त्यात बकऱ्या, वळणावर तर हमखास, त्या गावकऱ्यांच्या आहेत, कुणाची कुठली ते त्यांना माहीत असतं, धक्का लागला तर भरपाई द्यावी लागते. पेट्रोलपंप बेटावर एकच, बंदराजवळ. ज्वालामुखीच्या खडकांचे आकार बघण्यासारखे आहेत, जोडसिंह, ड्रॅगनचं डोकं वगैरे, फोटो सगळीकडे आहेत म्हणून त्यावर लिहीत नाही. रात्री ताईंच्या भावाने रानात नेऊन छोटं घुबड ऐकवलं, आणि दिसलं पण, दोन सेकंद. पूर्वी या घुबडाचा आवाज इथे अशुभ मानायचे, घुबडाच्या नशिबी सगळीकडे तेच.

दक्षिण टोकाला रस्त्यावरून एक भिंत आणि फाटक दिसतं. तिथे १९८२ पासून तैवानच्या अणुवीज केंद्रांचा कचरा आणून ठेवला, जवळपास १ लाख पिंपं. ते बांधत होते तेव्हा गावात सांगितलं गेलं की माशांच्या डब्यांचा कारखाना होतोय. १९८८ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, १९९६ मध्ये बंदरावर अडवलं तेव्हा नवी पिंपं येणं थांबलं. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष त्साई इंग-वेन यांनी तैवानच्या आदिवासींची जाहीर माफी मागितली त्यात या कचऱ्याचा उल्लेख होता, २०१९ मध्ये २५५ कोटी तैवानी डॉलरची भरपाई जाहीर झाली, आणि इथल्या बऱ्याच जणांनी सांगितलं पैसे नकोत, पिंपं न्या. पिंपं तिथेच आहेत. गावफेरीत हे येत नाही, मी विचारलं म्हणून ताईंनी सांगितलं आणि मग म्हणाल्या की लोक सुट्टीवर येतात म्हणून आम्ही स्वतःहून काढत नाही. माझं म्हणणं, विचारा. मासे खाऊन, फोटो काढून परत यायचं आणि हे विचारायचंच नाही हे बरोबर वाटत नाही.

आता अर्धा मार्क. एक, सगळा व्यवहार चिनीत, इंग्लिश जवळजवळ नाही, भाषांतराचं अॅप लागेल. माझं चिनी कामापुरतं आहे म्हणून निभावलं. दोन, संध्याकाळी सगळे एकदम अंघोळीला गेले की पाण्याला जोर राहत नाही. तीन, आणि हे जास्त महत्त्वाचं, बोटीची फेरी रद्द होऊ शकते हे बुकिंगच्या वेळी ठळक सांगायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी वारा वाढला, फेरी रद्द, फेरी कंपनीकडून सकाळपर्यंत धड काही कळलं नाही आणि माझ्या नवऱ्याची एक महत्त्वाची मीटिंग गेली. होमस्टेने जास्तीच्या रात्रीचे अर्धेच पैसे घेतले आणि जेवण घरच्यांबरोबर दिलं, ते कोणी मागितलं नव्हतं. तरी तुम्ही जाल तेव्हा हातात एक दिवस मोकळा ठेवा, परतीचं ट्रेनचं तिकीट लगेचचं काढू नका. रोख पैसे न्या, पोस्टात एटीएम आहे पण त्यावर विसंबू नका. आणि प्लास्टिकच्या बाटल्या नेल्यात तर परत घेऊन या, बेटावर कचरा टाकायला जागा नाही, बोटीतून तैवानला न्यावा लागतो.

त्या अडकलेल्या दिवशीच खरं तर सगळ्यात छान वेळ गेला. बाहेर वारा, आजोबा माशांची दोरी घरात घेऊन बसलेले, पाठीकडून उघडून चिरा दिलेले, मीठ लावलेले, शेपटीला जोडी-जोडी बांधलेले मासे. लेक शेजारी बसून मोजत होती आणि ते तिला ताओ आकडे शिकवत होते, आसा, दोआ, तिलो, आपात. तिच्या ते अजून पाठ आहेत.

निघताना ताईंनी चार मासे कागदात गुंडाळून दिले आणि दोन गोष्टी सांगितल्या, तळायचे नाहीत, आणि शरद ऋतू लागायच्या आत संपवायचे, त्यानंतर यंदाचा मासा खायचा नसतो, ठेवून द्यायचा नसतो. बंदरावरच्या दुकानांत उडणाऱ्या माशाचा फ्राइड राइस मिळतो ना, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, दुकानात मिळतो, हा आमच्या घरचा आहे. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्यांचं पहिलं वाक्य, रव्यात घोळवून तव्यावर टाक. नाही टाकले. वेगळ्या पातेल्यात नुसत्या पाण्यात उकळले, बाजारात अळकुड्या मिळाल्या त्या उकडून बरोबर घेतल्या, आणि जूनच्या पहिल्या रविवारी शेवटचा मासा संपला.